मुलांना डाख लावता आला पाहिजे



शाळेच्या तळमजल्यावरील कार्यानुभवाच्या खोलीचे पुढे काय करायचे, हा विषय सध्या विश्वस्त मंडळापुढे आहे. त्या जागी आणखी एक स्मार्ट वर्ग करावा, असे एक मत आहे. ते मांडणाऱ्यांच्या हेतूबद्दल आम्हांला मुळीच शंका नाही. परंतु गेल्या सत्रापासून दर शनिवारी याच खोलीत इयत्ता आठवीची काही मुले-मुली सोल्डरिंग शिकत आहेत. खोली गेली की तो वर्गही जाईल. काही पालकांनी या वर्गाबद्दल आपली चिंता लेखी कळवली आहे. "मुलांच्या हाती तापलेले आयर्न कशाला?", "याला परीक्षेत गुण किती?", "आमच्या मुलाला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत बसायचे नाही", असे त्यांचे मुद्दे आहेत. मुद्दे सरळ आहेत, म्हणून उत्तरही सरळ द्यावे, यासाठी हा लेख.

आम्ही, म्हणजे शाळेत विज्ञान आणि कार्यानुभव शिकवणारी मंडळी. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. सोल्डरिंग हा दहाबारा हौशी मुलांचा शनिवारचा छंद राहू नये. आठवीतल्या प्रत्येक मुलाने आणि प्रत्येक मुलीने ते शाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली शिकावे. आपले काम बरोबर झाले की नाही हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येते आणि चुकले तर स्वतःच्या हातांनी सुधारता येते, असे शाळेत आता फार थोडे उरले आहे. जे उरले आहे ते तरी जपावे, एवढीच आमची विनंती आहे.

डाख, कल्हई आणि राळ

सोल्डरिंग हा शब्द परका वाटला तरी काम आपल्याकडे जुने आहे. मराठीत त्याला डाख लावणे किंवा झाळणे म्हणतात. आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडे त्यालाच रेण म्हणतात. ज्या आजी-आजोबांनी दारात कल्हईवाला बसलेला पाहिला आहे, त्यांना सोल्डरिंगचे निम्मे शास्त्र ठाऊकच आहे. कल्हईवाला भात्याने भट्टी फुलवी, पातेले तापवी, त्यावर नवसागराची पूड टाकी, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ते कथील झरझर पसरवी. पांढरा धूर उठे आणि पातेले आतून चांदीसारखे लखलखे.

नवसागर कशासाठी? तांब्या-पितळेवर हवेमुळे ऑक्साइडचा पातळ थर बसतो. त्या थरावर कथील धरत नाही, गोळी होऊन ओघळते. तापलेला नवसागर तो थर काढून टाकतो आणि उघड्या, स्वच्छ धातूवर कथील पसरते. इलेक्ट्रॉनिक्सच्या सोल्डरिंगमध्ये नेमके हेच घडते. फक्त नवसागराच्या जागी राळ असते, चिडाच्या झाडापासून मिळणारी. सोल्डरची तार आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत ही राळ भरलेली असते. नवसागरासारखे तीव्र पदार्थ इलेक्ट्रॉनिक्समध्ये वापरत नाहीत, कारण त्यांचा अंश मागे राहिला तर बारीक तांब्याच्या रेषा हळूहळू खाल्ल्या जातात.

आणखी एक गोष्ट आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. सोल्डर म्हणजे गोंद नाही. वितळलेले कथील तांब्याला टेकले की दोघांच्या सीमेवर कथील आणि तांबे यांचे एक नवे संयुग तयार होते. अतिशय पातळ असा हा थर दोन धातूंना खरे जोडतो. म्हणूनच तांबे पुरेसे तापलेले नसेल तर वरून कितीही सोल्डर ओतले तरी जोड होत नाही. नुसता ठिपका बसतो, आणि तो कधी ना कधी सुटतो.

घरातला जुना टीव्ही आठवा. चित्र गेले की वडीलधारी मंडळी त्याच्या पाठीवर थाप मारत आणि चित्र परत येई. दुरुस्तीवाला पुढे सांगे, "ड्राय सोल्डर झाले आहे." म्हणजे आत कुठेतरी एक जोड पक्का राहिला नव्हता, थापेने तो तेवढ्यापुरता टेकत होता. ती थाप आपण सर्वांनी मारली आहे. ती लागू का पडते, हे मुलांना कळावे असे आम्हांला वाटते.

पहिले काही शनिवार

सोल्डरिंग शिकणे म्हणजे पहिल्याच दिवशी दिवा पेटवणे, असा मुलांचा समज असतो. तसे केले तर काम बिघडते आणि उत्साहही जातो. म्हणून पुढील मजकूर विशेषतः विद्यार्थी मित्रांसाठी.

पहिल्या दिवशी आयर्न थंडच असते. ते लेखणीसारखे, पण मागच्या मुठीला धरायचे, टेबलावर न ठेवता नेहमी स्टँडवरच ठेवायचे, वायर कोपराखाली येऊ द्यायची नाही, याचा सराव करायचा. एक नियम तर पाठच करायचा: आयर्न हातातून निसटले तर पडू द्यायचे, झेलायला जायचे नाही. पडलेले आयर्न बदलता येते.

दुसऱ्या दिवशी आयर्न तापवायचे आणि त्याच्या टोकाला, म्हणजे बिटला, कल्हई करायची. तापलेल्या बिटवर थोडे सोल्डर लावून ती चकचकीत ठेवायची, ओलसर स्पंजवर किंवा पितळी तारेच्या चोथ्यावर पुसायची, पुन्हा सोल्डर लावायचे. काळी पडलेली बिट उष्णता नीट पोहोचवत नाही. पूर्वी तांब्याची बिट कानशीने घासून साफ करत. आताच्या बिटवर लोखंडाचा मुलामा असतो. कानस मारली की तो मुलामा जातो आणि आतले तांबे सोल्डरमध्ये झिजत जाते. घरी मोठी माणसे "जरा पॉलिशपेपर मार" म्हणाली तर त्यांना नम्रपणे हे सांगावे.

त्यानंतर तांब्याच्या तारेचे बारा सारखे तुकडे कापायचे आणि त्यांचा घन करायचा. घनाला बारा कडा आणि आठ कोपरे, हे भूमितीच्या तासाला तुम्ही शिकला आहात. इथे तो घन हातात येतो. पहिले चार तुकडे जोडून चौरस होतो, तोपर्यंत सगळे सोपे वाटते. मग कोपऱ्यावर तिसरी तार जोडायला जावे तर आधीचे दोन जोड वितळून सुटतात! कारण तांबे उष्णता फार लवकर वाहून नेते. आता काय करायचे? कोणी ओल्या कापडाचा तुकडा जवळ ठेवून उष्णता अडवतो, कोणी चिमट्याने तार धरतो म्हणजे उष्णता चिमट्यात उतरते, कोणी हात चलाख करून दोन सेकंदांत काम उरकतो. उष्णतावहनाचा धडा पुस्तकात अर्ध्या पानाचा आहे. या एका घनात मुले तो जेवढा शिकतात तेवढा फळ्यावर शिकवणे आम्हांला जमलेले नाही.

मग येते जनरल पर्पज बोर्ड, म्हणजे छिद्रांभोवती तांब्याची गोल टिकली असलेली पट्टी. तिच्यावर ओळीने वीस जोड करायचे, दिवा नाही की बॅटरी नाही. पद्धत अशी: बिट एकाच वेळी टिकलीला आणि घटकाच्या पायाला टेकवायची, एक ते दोन सेकंद थांबायचे, मग सोल्डरची तार बिटला न लावता तापलेल्या जोडाला लावायची. सोल्डर आपोआप पायाभोवती ओढले जाते. आधी सोल्डरची तार काढायची, नंतर बिट काढायची आणि जोड थिजेपर्यंत हात हलवायचा नाही. फुंकर तर मुळीच मारायची नाही. चांगला जोड लहानशा शंकूसारखा दिसतो, बाजूंनी किंचित आत वळलेला आणि पायाला बिलगलेला. गोल मण्यासारखा दिसला तर तांबे तापले नव्हते असे समजावे. टिकलीच उचलली गेली तर फार वेळ तापवले.

यानंतरच पहिला दिवा. नऊ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रोध आणि एक लाल एलईडी. लाल एलईडी सुमारे दोन व्होल्ट घेतो, रोधावर सात उरतात. सातला ४७० ने भागले की सुमारे १५ मिलिअँपिअर येतात. एलईडीला ते सुखाचे आहेत. ओहमचा नियम पाठ असलेली मुले आमच्याकडे पुष्कळ आहेत. हे साधे गणित करून मग आपणच निवडलेला रोध जोडणारी मुले पाहिली की नियम पाठ असणे आणि नियम वापरता येणे यांतला फरक दिसतो.

जोड स्वतःच सांगतो

दिवा बहुधा पहिल्या वेळी लागत नाही. आमच्या मते शिक्षण तिथून सुरू होते. मूल आधी शिक्षकाकडे पाहते. आम्ही उत्तर देत नाही, क्रम देतो. बॅटरी जिवंत आहे का, मल्टिमीटरवर पाहा. एलईडी उलटा तर नाही ना? लांब पाय धन बाजूला हवा. मग बॅटरी काढून एकेक जोड तपासा. मल्टिमीटरची शिट्टी वाजली तर तो जोड ठीक, नाही वाजली तर चोर सापडला. तो जोड पुन्हा तापवा, किंचित नवे सोल्डर द्या. नवे सोल्डर नव्या राळेसह येते, म्हणून जुना जोडही सुधारतो. जास्त झाले असेल तर डिसोल्डर पंपाने ओढून घ्या आणि पुन्हा करा.

या सगळ्यात कोणी रागावत नाही, कोणी लाल शाईची फुली मारत नाही. गणिताच्या वहीत उत्तर चुकले की मूल निकालाची वाट पाहते. इथे चूक कुठे आहे हे त्याला स्वतःला शोधावे लागते आणि सापडल्यावर ती त्याच जागी दुरुस्त करता येते. वर्गात क्वचितच हात वर करणारी मुले या खोलीत इतरांचे जोड तपासून देताना आम्ही पाहतो. आणि नेहमी पहिला क्रमांक मिळवणाऱ्या मुलांना आपला जोड दोनदा सुटलेला पाहून शांतपणे तिसऱ्यांदा आयर्न उचलावे लागते. दोन्ही प्रकारच्या मुलांना याची गरज आहे.

काही जण विचारतात की ब्रेडबोर्डवर तारा खोचून हेच शिकता येत नाही का? जरूर येते, आणि मंडल कसे चालते हे पाहायला तो उत्तमच. पण खोचलेली तार दप्तरात दोन मिनिटे टिकत नाही. डाख लावलेले काम मूल घरी नेते, आजोबांना दाखवते, आणि ते दिवाळीनंतरही चालू असते. टिकेल असे काही स्वतः करणे, ही गोष्ट मुलांच्या वाट्याला आता फारशी येत नाही.

काळजी हवी, भीती नको

आता पालकांच्या पहिल्या मुद्द्याकडे वळू. धोका आहे का? आहे. तो लपवून उपयोग नाही, कारण तो नीट सांगितला तरच टाळता येतो.

आयर्नची बिट साधारण ३५० अंश सेल्सिअसला तापते. चटका बसू शकतो. बसलाच तर ती जागा ताबडतोब नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरायची. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावायचे नाही. आमच्या खोलीत नळ आहे, म्हणूनही ही खोली आम्हांला महत्त्वाची वाटते.

दुसरा धोका शिशाचा. बाजारात अजूनही मिळणाऱ्या नेहमीच्या सोल्डरमध्ये सुमारे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असते. ते १८३ अंशांपासूनच वितळू लागते, म्हणून शिकायला सोपे जाते. पण शिशाची कोणतीही मात्रा मुलांसाठी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांत शिशावर मर्यादा आणली. आपल्याकडेही ई-कचऱ्याच्या नियमांनुसार १ मे २०१४ पासून ठरावीक उपकरणांत शिशाचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत ठेवण्याचे बंधन आले. तेव्हा शाळेने दुसरा विचारच करू नये. आमच्या वर्गात शिसेमुक्त सोल्डरच वापरले जाते. कथील आणि किंचित तांबे असलेले हे सोल्डर २२७ अंशांना वितळते, थोडे हट्टी असते, त्याचा जोड कमी चकाकतो, पण मुलांचे हात लवकरच सरावतात.

सोल्डर करताना निघणारा धूर शिशाचा असतो, असा एक समज आहे. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. शिसे पोटात जाते ते न धुतलेल्या हातांनी. धूर असतो राळेचा, आणि तो सतत छातीत गेला तर दम्यासारखा त्रास होऊ शकतो. म्हणून खिडकी उघडी, धूर बाहेर ओढणारा पंखा चालू, मान जोडावर वाकवायची नाही आणि काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. ज्यांना दमा आहे त्यांच्या पालकांशी आम्ही आधी बोलतो. पाय कापताना तारेचा तुकडा उडतो, म्हणून चष्मा सर्वांना सक्तीचा आहे. विजेच्या सुरक्षिततेसाठी टेबलाच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी हवे आणि सर्व आयर्न तीन पिनांची हवीत, ही आमची मागणी आहे.

आणि मुलांनो, एक ताकीद. इथे शिकलात म्हणून घरी भिंतीच्या विजेवर चालणारी उपकरणे उघडायची नाहीत. जुना टीव्ही, मायक्रोवेव्ह किंवा मोबाइलची बॅटरी यांना तर हातही लावायचा नाही. प्लग काढल्यावरही टीव्ही आणि मायक्रोवेव्ह यांच्या आत जीवघेणा दाब साठून राहू शकतो, आणि बॅटरीला भोक पडले तर ती पेट घेते.

आता पालकांना एक प्रश्न. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला आपण गॅसपाशी उभे करतो, फोडणी करायला सांगतो, उकळत्या तेलात पुरी सोडायला शिकवतो. त्यात धोका आहे हे माहीत असूनही शिकवतो, कारण ते यायला हवे असे आपण मानतो. मग तीच मुलगी आयर्न धरणार म्हटल्यावर आपल्याला भीती का वाटते? शनिवारच्या वर्गासाठी आलेल्या संमतीपत्रांत मुलींची पत्रे कमी होती. वर्गात आलेल्या मुलींचे जोड मात्र कमी नाहीत.

'हे आपल्या मुलांचे काम नव्हे'

तिसरा मुद्दा नाजूक आहे, पण बोलायलाच हवा. "आमच्या मुलाला मेकॅनिक व्हायचे नाही," या वाक्यात सोल्डरिंगबद्दल काहीच नाही. हाताने काम करणाऱ्या माणसाबद्दल मात्र पुष्कळ काही आहे. बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांची परंपरा बहुतांशी दरबार, कचेरी, शाळा आणि संगीत यांची. त्या परंपरेचा अभिमान आम्हांलाही आहे. पण लेखणी धरणारा हात वरचा आणि पक्कड धरणारा खालचा, ही समजूतही तिच्याबरोबर चालत आली. तांबट, कल्हईवाला, झारेकरी यांना आपण ओट्याच्या खाली बसवले आणि त्यांचे शास्त्र कधी विचारले नाही.

विशेष हे की, ज्या बडोद्यात आपण राहतो त्याच बडोद्याने ही समजूत मोडायचा मोठा प्रयत्न केला होता. १८९० साली महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी इथे कलाभवन सुरू केले. त्या नावातल्या 'कला' शब्दात रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला असे सगळे होते. तंत्राचे शिक्षण लोकांच्या भाषेतून द्यावे, असा गज्जरांचा आग्रह होता. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके या कलाभवनाचेच विद्यार्थी. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ पासून साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या राजाने हाताच्या शिक्षणासाठीही संस्था उभारली, हे विसरता येणार नाही. पुढे १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखा याच कलाभवनातून वाढली. आपल्यापैकी कितीतरी घरांतले अभियंते तिथे शिकले. त्या वास्तूवरून रोज जाणाऱ्या पालकांनी आयर्नला हलके काम म्हणावे, याचे आम्हांला वाईट वाटते.

महाराष्ट्रातलेही एक उदाहरण घ्या. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतले संशोधनाचे काम सोडून ते खेड्यात गेले. 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा त्यांचा अभ्यासक्रम पुढे अनेक शाळांत आठवी ते दहावीसाठी सुरू झाला. त्यात मुले वेल्डिंग करतात, वीज जोडतात, शेती करतात, आरोग्याच्या चाचण्या शिकतात. हात चालू लागला की डोके जागे होते, हा विचार त्यांनी वर्षानुवर्षे राबवून दाखवला.

आणखी एक तोटा शाळा म्हणून आम्हांला जाणवतो. डाख, राळ, नवसागर, कथील, कानस, पक्कड, झाळणे हे शब्द आमच्या आठवीच्या मुलांना ठाऊक नव्हते. ही मुले घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि मोबाइलवर इंग्रजी वापरतात. मराठी त्यांच्याकडे कविता आणि निबंधापुरती उरत चालली आहे. ज्या कामाला भाषेत शब्द आहेत ते काम करायला दिले की शब्द आपोआप परत येतात. "सर, कानस मारू नको म्हणालात ना?" हे वाक्य आम्हांला एखाद्या पाठांतर स्पर्धेइतकेच मोलाचे वाटते.

गुण, वेळ आणि उपयोग

बोर्डाच्या परीक्षेत सोल्डरिंगला गुण नाहीत, हे खरे आहे. पण शाळेने फक्त गुण मिळणाऱ्या गोष्टी शिकवायच्या ठरवल्या तर प्रार्थना, खेळ, गॅदरिंग आणि सहलही बंद करावी लागेल. शिवाय वारा आता वेगळ्या दिशेने वाहत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे, अशी शिफारस आहे. २०१६ पासून नीती आयोगाच्या योजनेतून देशभर हजारो शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या. त्यांत सोल्डरिंगची साधने आहेतच.

"कारखान्यात आता सगळे यंत्रेच करतात," हेही खरे आहे. मोबाइलच्या बोर्डावरचे जोड माणसाच्या हातांनी होत नाहीत, भट्टीतून एकदम होतात. आम्हांला कामगार तयार करायचे नाहीत. पण कॅल्क्युलेटर आला म्हणून पाढे सोडले नाहीत, आणि छपाई आली म्हणून अक्षर वळवायचे थांबवले नाही. वस्तूच्या आत काय आहे हे ज्याने एकदा हाताने केले आहे, तो बंद पडलेली वस्तू लगेच कचऱ्यात टाकत नाही. वायर तुटलेला हेडफोन किंवा सुटलेल्या तारेची विजेरी दहा मिनिटांत पुन्हा चालू होते. आपल्या घरातील कपाटे बंद पडलेल्या वस्तूंनी भरलेली असताना ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येणार नाही.

राहिला स्मार्ट वर्गाचा प्रश्न. पडद्यावर सोल्डरिंगचे उत्तम चित्रीकरण दाखवता येते, आम्हीही दाखवतो. पण पोहणे जसे काठावरून शिकता येत नाही, तसेच हे. शाळेत पडदे आहेत. नळ, खिडकी आणि भक्कम टेबले असलेली खोली मात्र एकच आहे.

आमच्या सूचना

केवळ मत मांडून थांबणे बरे नव्हे, म्हणून विश्वस्त मंडळापुढे या सूचना ठेवत आहोत.

एक: कार्यानुभवाची खोली आहे तशी ठेवावी. ती देणे अपरिहार्यच असेल तर आधी खिडकी, नळ आणि वेगळी वीजजोडणी असलेली दुसरी जागा तयार करावी, मगच ही घ्यावी.

दोन: पुढील वर्षापासून आठवीच्या सर्व विद्यार्थ्यांना एका सत्रात दहा तासिका सोल्डरिंगसाठी द्याव्यात. एका वेळी आठ ते दहा मुले आणि दोन शिक्षक, यापेक्षा मोठी तुकडी नको. गुण नसावेत. घन, वीस जोड आणि एक चालणारा दिवा एवढे केले की शिकणे पूर्ण झाले, असे मानावे.

तीन: तापमान नियंत्रित करता येणारी आयर्न, धूर ओढणारा पंखा, चष्मे आणि शिसेमुक्त सोल्डर यांसाठी खर्चाची तरतूद व्हावी. एका बऱ्यापैकी क्रिकेट बॅटच्या किमतीत दोन-तीन साधी आयर्न येतात. पण मुलांसाठी साधी नकोत, चांगली हवीत. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण अभियंते आहेत. त्यांनी स्मृतिचिन्हांऐवजी ही साधने द्यावीत, असे आमचे आवाहन आहे.

चार: पालकांनी एका शनिवारी मुलांबरोबर येऊन बसावे. नुसते पाहायला नव्हे, एक जोड स्वतः करायला. आपल्या मुलाने आईला किंवा बाबांना "फुंकर मारू नका" असे सांगितलेले ऐकले की पुष्कळ शंका आपोआप मिटतील.

पाच: वर्षातून एकदा दुरुस्ती दिवस ठेवावा. परिसरातील वृद्धांनी बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या वस्तू, विजेरी, घड्याळ, खिशातला रेडिओ असे काही आणावे आणि मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली ते दुरुस्त करून पाहावे. सगळे दुरुस्त होणार नाही. पण "हे का होत नाही" हे मुलांना सांगता आले तरी पुरे.

विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत हा विषय येणार आहे. त्याआधी सदस्यांनी एखाद्या शनिवारी सकाळी खोलीत डोकावून जावे, अशी विनंती आहे. पालकांनी आपले मत, अनुकूल असो वा प्रतिकूल, शाळेच्या कार्यालयात लेखी द्यावे. आणि ज्या विद्यार्थी मित्रांचा घन अजून एका कोपऱ्याने डुगडुगतो आहे, त्यांनी येत्या शनिवारी तो घेऊन यावे. आयर्न तापवून ठेवतो.

— विज्ञान व कार्यानुभव विभाग